स्मार्टवॉचची स्क्रीन किती सेकंद उजळलेली ठेवावी? टाइमआउट आणि बॅटरी यांचा मेळ घालण्याची पद्धत

नवीन स्मार्टवॉच मनगटावर आले की पहिल्या आठवड्यात दोन तक्रारी हटकून निघतात. एक म्हणजे, आलेला संदेश वाचून होण्याआधीच स्क्रीन विझते; आणि दुसरी म्हणजे, सकाळी पूर्ण चार्ज केलेले घड्याळ रात्र होण्याआधीच मान टाकते. पहिली तक्रार दूर करायची तर स्क्रीन अधिक वेळ उजळलेली ठेवावी लागते आणि दुसरी दूर करायची तर ती लवकर विझवावी लागते, त्यामुळे एका तक्रारीवरचा उपाय दुसरीला वाढवतो, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात या दोहोंचा मेळ बऱ्याच अंशी घालता येतो. त्यासाठी केवळ सेकंदांचा आकडा कमी-जास्त करून भागत नाही. स्क्रीन दिवसातून किती वेळा उजळते आणि त्यांतल्या किती वेळा ती विनाकारण उजळते, हे आधी पाहावे लागते. पुढील पायऱ्यांचा क्रम मुद्दाम त्याच विचाराने लावला आहे, म्हणून शक्यतो तो बदलू नये.

आधी शब्दाचा अर्थ. स्क्रीन टाइमआउट म्हणजे तुमचा शेवटचा स्पर्श किंवा हालचाल झाल्यानंतर स्क्रीन पूर्ण उजेडात किती वेळ राहील, ती मुदत. मुदत संपली की स्क्रीन पूर्ण विझते किंवा, ऑलवेज-ऑन डिस्प्ले चालू असेल तर, मंद उजेडातील साध्या तबकडीवर येते. घड्याळातील पावले मोजणे, हृदयगती टिपणे, गजर वाजवणे ही कामे स्क्रीन विझल्यावरही सुरूच राहतात. स्क्रीन विझली म्हणजे घड्याळ बंद पडले, ही नवख्या वापरकर्त्याची भीती अनाठायी आहे.

खर्च नेमका कशाचा होतो

स्मार्टवॉचची बॅटरी फार लहान असते. सॅमसंगच्या गॅलॅक्सी वॉच ६ च्या लहान आकारातील बॅटरी ३०० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते, ते मोजण्याचे एकक) क्षमतेची आहे. आजच्या अनेक फोनांत ४,००० ते ५,००० एमएएचची किंवा त्याहूनही मोठी बॅटरी असते. फोनवर अर्धा तास स्क्रीन जास्त चालली तर आपल्या लक्षातही येत नाही, पण घड्याळावर तेवढाच वेळ दिवसाचे गणित बिघडवू शकतो. त्यातच स्क्रीन उजळते तेव्हा केवळ तिचा उजेडच वीज घेत नाही. घड्याळाचा मुख्य प्रोसेसर सुप्तावस्थेतून जागा होतो, तबकडी नव्याने रेखाटली जाते, तिच्यावरील हवामान, पावले, हृदयगती यांचे आकडे ताजे केले जातात. म्हणजे स्क्रीन उजळण्याच्या प्रत्येक घटनेला स्वतःचा एक खर्च आहे आणि ती जितके सेकंद उजळलेली राहते, त्याचा खर्च त्यावर वेगळा.

साधे गणित करून पाहा. स्क्रीन दिवसातून १२० वेळा उजळते आणि दर वेळी मुदत संपेपर्यंत चालू राहते असे धरले, तर १५ सेकंदांच्या टाइमआउटने ती दिवसाला ३० मिनिटे उजळलेली राहील, ३० सेकंदांनी एक तास आणि एका मिनिटाने दोन तास. आता उजळण्याच्या १२० घटनांपैकी ५० घटना निरर्थक असतील, म्हणजे हात हलल्यामुळे किंवा बाहीच्या स्पर्शाने घडलेल्या असतील आणि त्या बंद करता आल्या, तर उरलेल्या ७० घटनांना ३० सेकंदांची ऐसपैस मुदत देऊनही एकूण वेळ ३५ मिनिटेच होतो. १५ सेकंदांत घाईघाईने वाचण्याच्या त्रासाहून केवळ पाच मिनिटे जास्त. संपूर्ण लेखाचा आधार हे गणित आहे.

त्यात आणखी एक बारकावा आहे, जो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अनेक घड्याळे मनगट खाली जाताच टाइमआउटची वाट न पाहता स्क्रीन विझवतात किंवा मंद करतात. ज्या घड्याळात ही सोय नीट काम करते, त्यात वेळ पाहून हात खाली घेतला की दोन-तीन सेकंदांतच काम आटोपते आणि तेथे टाइमआउट १५ सेकंद असो वा ३०, फरक पडत नाही. टाइमआउटची मुदत खऱ्या अर्थाने लागू होते ती तीन प्रसंगी: तुम्ही खरोखरच स्क्रीनकडे पाहत असता तेव्हा, हात टेबलावर किंवा कळफलकावर स्थिर असतो तेव्हा, आणि स्क्रीन चुकून उजळलेली असते, पण मनगट खाली गेल्याची खूण घड्याळाला मिळत नाही तेव्हा. बॅटरी वाया जाते ती मुख्यतः शेवटच्या दोन प्रसंगांत.

हा पेच नवा नाही, हेही येथे सांगावेसे वाटते. १९७२ साली विक्रीस आलेल्या पल्सर या पहिल्या डिजिटल मनगटी घड्याळात लाल एलईडी आकडे होते आणि ते सतत पेटते ठेवणे बॅटरीला परवडणारे नव्हते. म्हणून बटण दाबल्यावरच वेळ दिसे, तीही जेमतेम सव्वा सेकंद. पुढे स्वतः उजेड न टाकणाऱ्या एलसीडी आकड्यांची घड्याळे आली आणि वेळ सतत दिसू लागली. प्रकाश देणारी स्क्रीन आणि बाहेरचा प्रकाश परतवणारी स्क्रीन यांतील तो फरक आजही तितकाच महत्त्वाचा आहे आणि म्हणूनच पहिली पायरी त्याच्याशी निगडित आहे.

पहिली पायरी: आपली स्क्रीन कोणत्या प्रकारची आहे ते पाहा

घड्याळाच्या खोक्यावर किंवा उत्पादकाच्या तांत्रिक माहितीत स्क्रीनचा प्रकार लिहिलेला असतो. ओलेड किंवा ॲमोलेड असे लिहिले असेल, तर प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड स्वतः निर्माण करतो आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. अशा स्क्रीनवर काळ्या पार्श्वभूमीची तबकडी खरोखर वीज वाचवते. साधी एलसीडी किंवा टीएफटी असेल, तर स्क्रीनच्या मागे एकच दिवा असतो आणि तबकडी काळी असो वा पांढरी, तो तेवढाच जळतो. म्हणून तेथे तबकडीचा रंग बदलून काही साधत नाही, टाइमआउट आणि ब्राइटनेस यांवरच भर द्यावा लागतो.

तिसरा प्रकार बाहेरचा प्रकाश परतवणाऱ्या स्क्रीनचा. गार्मिनच्या फेनिक्स ७ सारख्या घड्याळांत तो आढळतो. या स्क्रीनवरील चित्र भर उन्हात उजेडाविना दिसते आणि सतत दिसत राहिले तरी अगदी नगण्य वीज घेते. येथे टाइमआउट म्हणजे फक्त मागचा दिवा किती वेळ पेटता राहील, एवढेच. त्यामुळे या घड्याळाच्या मालकाने पुढील बऱ्याचशा चिंता बाजूला ठेवल्या तरी चालतील.

दुसरी पायरी: सेटिंग कोठे आहे ते शोधा

गूगलच्या वेअर ओएस या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या घड्याळांत स्क्रीनवर वरून खाली बोट सरकवून दातेरी चाकाच्या चिन्हावर टिचकी दिली की सेटिंग्ज उघडतात. तेथे ‘डिस्प्ले’ या विभागात ‘स्क्रीन टाइमआउट’ असते. सॅमसंगच्या गॅलॅक्सी वॉचमध्येही हाच मार्ग आहे आणि त्याच विभागात मनगट उचलल्यावर स्क्रीन उजळण्याचे आणि स्पर्शाने उजळण्याचे असे दोन वेगळे खटकेही सापडतात. ते दोन्ही आताच पाहून ठेवा, चौथ्या पायरीत लागतील.

ॲपल वॉचमध्ये ‘सेटिंग्ज’ आणि त्यात ‘डिस्प्ले अँड ब्राइटनेस’ असे गेल्यावर ‘वेक ड्युरेशन’ दिसते. येथे फक्त दोनच पर्याय आहेत: १५ सेकंद आणि ७० सेकंद. ही मुदत मुख्यतः स्पर्श करून उजळवलेल्या स्क्रीनसाठी असते. मनगट उचलून उजळलेली स्क्रीन मनगट खाली नेताच मंदावते किंवा विझते. त्यामुळे ७० सेकंदांचा पर्याय निवडला म्हणजे बॅटरी लगेच ढासळेल, असे नाही. हेच सेटिंग आयफोनवरील वॉच ॲपमधूनही बदलता येते आणि मोठ्या स्क्रीनवर ते काम पुष्कळ सोपे जाते.

गार्मिनच्या ओलेड स्क्रीनच्या अनेक घड्याळांत व्यायाम चालू असतानाची मुदत आणि एरवीची मुदत वेगवेगळी ठरवता येते, ही अतिशय उपयुक्त सोय आहे. इतर उत्पादकांच्या घड्याळांत नावे थोडी बदलतात. ‘स्क्रीन ऑन टाइम’, ‘ऑटो स्क्रीन ऑफ’, ‘वेक टाइम’ अशांपैकी काही डिस्प्लेच्या विभागात दिसले, तर तेच आपल्याला हवे असलेले सेटिंग समजावे.

सेटिंग सापडले की ते लगेच बदलू नका. सध्याचा आकडा कागदावर लिहून ठेवा.

तिसरी पायरी: तीन दिवस नुसती नोंद करा

या पायरीचा बहुतेकांना कंटाळा येतो आणि म्हणूनच बहुतेकांना आपल्या बदलाने काय साधले ते कळत नाही. घड्याळाची सेटिंग्ज आहेत तशीच ठेवून सलग तीन दिवस ठरावीक दोन वेळांना बॅटरीचे टक्के लिहावेत, उदाहरणार्थ सकाळी ८ आणि रात्री ८. समजा सकाळी १०० टक्के होते आणि रात्री ५८ उरले, तर १२ तासांत ४२ टक्के खर्च झाले. म्हणजे तासाला साडेतीन टक्के. या वेगाने पूर्ण चार्ज साधारण २८ तास पुरेल. रात्रीचा वेगही असाच काढावा: झोपताना किती आणि उठल्यावर किती. दिवसाचा आणि रात्रीचा वेग वेगळा ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण रात्री स्क्रीन विझलेली असायला हवी आणि तरीही वेग दिवसाच्या जवळपास असेल, तर एक तर स्क्रीन झोपेत उजळत आहे किंवा खर्च स्क्रीनचा नाहीच.

नवे घड्याळ असेल, तर पहिले दोन-तीन दिवस ही नोंद ग्राह्य धरू नये. सुरुवातीला ॲप उतरवून घेणे, अपडेट बसवणे, फोनशी माहितीची देवाणघेवाण करणे ही कामे पाठीमागे चालू असतात; शिवाय नवलाईपोटी आपणही घड्याळाशी सारखे खेळत असतो. पहिल्या दिवसाच्या अनुभवावरून घड्याळ परत करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना आठवडाभर थांबण्याचा सल्ला मी दर वेळी दिला आहे.

चौथी पायरी: विनाकारण उजळणे थांबवा

सर्वांत अधिक लक्ष येथे द्यावे. एक दिवस जागरूकपणे पाहा की तुम्ही घड्याळाकडे न बघता स्क्रीन कधी कधी उजळते. गाडी चालवताना, झोपेत कुशी बदलताना, हातवारे करत बोलताना, भांडी घासताना किंवा कळफलकावर लिहिताना मनगट ज्या कोनात फिरते, तो कोन घड्याळाला वेळ पाहण्याच्या हालचालीसारखाच वाटतो. घड्याळातील गतिसंवेदक केवळ हालचाल ओळखतो, तुमचा हेतू त्याला कळत नाही.

मनगट उचलल्यावर उजळण्याची सोय कायमची बंद करावी का? माझ्या मते बहुतेकांनी करू नये. मनगटावरील घड्याळाचा मूळ फायदा दुसरा हात न लावता वेळ दिसणे हाच आहे आणि तो गमावून वाचवलेली बॅटरी महाग पडते. त्यापेक्षा ही सोय परिस्थितीनुसार बंद करण्याचे मार्ग वापरावेत. झोपेसाठीचा मोड त्यांपैकी पहिला. ॲपल, सॅमसंग आणि वेअर ओएस या सर्वांत झोपेच्या वेळी लागू होणारा मोड आहे. तो चालू असताना मनगट हलल्याने स्क्रीन उजळत नाही आणि नोटिफिकेशनचाही उजेड पडत नाही. त्याचे वेळापत्रक एकदा ठरवून दिले की तो रोज आपोआप लागतो. अंधाऱ्या खोलीत मध्यरात्री डोळ्यांवर उजेड न येणे हा त्याचा वेगळा लाभ आहे. दुसरा मार्ग थिएटर मोडचा. नाट्यगृहासाठी म्हणून दिलेला हा मोड लांबच्या प्रवासात, बैठकीत किंवा हातांनी खूप हालचाल करायच्या कामात तितकाच उपयोगी आहे आणि तो झटपट सेटिंग्जच्या पटलावरून एका टिचकीत लागतो.

स्पर्शाने उजळण्याच्या सोयीबाबत मी अधिक कठोर सल्ला देईन. लांब बाहीचे कपडे घालणाऱ्यांनी, लहान मूल कडेवर घेणाऱ्यांनी आणि पाण्यात काम करणाऱ्यांनी ती बंद ठेवून पाहावी. बाहीची कड, मुलाचा हात किंवा पाण्याचा थेंब स्क्रीनला बोटासारखा भासू शकतो. ही सोय बंद केली तरी बाजूच्या बटणाने स्क्रीन उजळतेच. आंघोळीला किंवा पोहायला जाताना पाण्यात स्पर्श बंद ठेवणारी ‘वॉटर लॉक’ची सोय वापरावी, म्हणजे पाण्याच्या स्पर्शाने ना स्क्रीन उजळेल, ना चुकून एखादे ॲप उघडेल.

यानंतर नोटिफिकेशन. फोनवर येणारी प्रत्येक सूचना घड्याळावर यायलाच हवी, असे नाही. फोनवरील घड्याळाच्या ॲपमध्ये कोणत्या ॲपच्या सूचना घड्याळावर पाठवायच्या, याची यादी असते. ती उघडून खरेदीच्या जाहिराती, खेळांचे इशारे आणि सतत बडबड चालणारे गट तेथून काढून टाका. एकेका सूचनेबरोबर कंपन होते, ब्लूटूथवरून मजकूर येतो, काही घड्याळांत स्क्रीनही उजळते आणि शिवाय तुम्ही हात उचलून पाहता ते वेगळेच. काही घड्याळांत सूचना आल्यावर स्क्रीन उजळवायची की केवळ कंपन द्यायचे, हे निवडता येते. केवळ कंपन पुरेसे असते.

हे बदल करून पुन्हा दोन-तीन दिवस नोंद करा. टाइमआउटला अजून हात लावलेला नाही, तरी दिवसाचा वेग कमी झालेला दिसण्याची बरीच शक्यता आहे.

पाचवी पायरी: मुदत निवडा

आता सेकंदांचा आकडा ठरवायचा. १५ सेकंदांपासून सुरुवात करावी. वेळ, पावले, एखाद्या ओळीचा संदेश यांसाठी तेवढा अवधी पुरतो. मग दोन दिवस फक्त एवढेच पाहावे की वाचत असताना स्क्रीन विझल्यामुळे तुम्हाला ती पुन्हा उजळवावी लागते का. दिवसातून एक-दोनदा असे झाले तर हरकत नाही. वारंवार होत असेल, तर मुदत ३० सेकंद करावी आणि त्याबद्दल बॅटरीची चिंता करू नये, कारण १५ सेकंदांत विझलेली स्क्रीन पुन्हा उजळवली की तेच ३० सेकंद होतात, वर उजळण्याचा खर्च दोनदा पडतो. काही घड्याळांत यापेक्षाही कमी, अगदी ५ किंवा १० सेकंदांचा पर्याय असतो. तो केवळ वेळ पाहण्यापुरते घड्याळ वापरणाऱ्यांनीच निवडावा.

एक मिनिट किंवा त्याहून अधिक मुदत कोणासाठी योग्य? घड्याळावर नकाशा पाहत चालणाऱ्यांसाठी, पाककृती किंवा यादी उघडून काम करणाऱ्यांसाठी आणि वाचायला किंवा बोट नेमके टेकवायला अधिक वेळ लागणाऱ्यांसाठी. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. घरातील ज्येष्ठांना घड्याळ देताना आपण अनेकदा बॅटरी टिकावी म्हणून सर्वांत कमी मुदत लावून देतो आणि मग त्यांना ते घड्याळ वापरता येत नाही. चष्मा सारखा करून अक्षरे लावेपर्यंत स्क्रीन विझते, ते पुन्हा टिचकी मारतात, ती चुकीच्या जागी लागते आणि दोन दिवसांनी घड्याळ कपाटात जाते. अशांच्या घड्याळावर मुदत मोठी ठेवावी, अक्षरांचा आकार वाढवावा आणि बॅटरीची बचत चौथ्या पायरीतील उपायांनी करावी. घड्याळ रोज चार्ज करावे लागले तरी चालेल. ते वापरता आले पाहिजे.

मोठ्या मुदतीची एक बाजू बॅटरीपलीकडचीही आहे. टेबलावर हात ठेवून बसलेले असताना उघडलेला संदेश एक मिनिट झळकत राहिला, तर तो शेजारी बसलेल्यालाही वाचता येतो. कचेरीत वावरणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा.

टाइमआउटशी गल्लत होणारे आणखी एक सेटिंग आहे. स्क्रीन विझून पुन्हा उजळल्यावर शेवटचे उघडलेले ॲप दिसावे की तबकडी, हे त्यातून ठरते. ॲपल वॉचमध्ये त्याला ‘रिटर्न टू क्लॉक’ म्हणतात आणि नेहमी, २ मिनिटांनी किंवा १ तासाने असे पर्याय असतात. पुष्कळ वेळा लोकांना हवी असते ती ही सोय आणि ते वाढवतात टाइमआउट. यादी पाहत पाहत काम करायचे असेल, तर स्क्रीन सतत उजळलेली ठेवण्याची गरज नाही. मनगट उचलताच तीच यादी समोर आली, म्हणजे झाले. गॅलॅक्सी वॉचमध्येही शेवटचे ॲप दाखवण्याची मुदत डिस्प्लेच्याच विभागात ठरवता येते.

सहावी पायरी: ऑलवेज-ऑन डिस्प्लेचा निर्णय

टाइमआउटच्या सेकंदांपेक्षा कितीतरी मोठा फरक हा एकच खटका पाडतो. तो चालू असताना मुदत संपल्यावर स्क्रीन विझत नाही. कमी उजेडात, कमी ठिपके पेटवून वेळ दाखवत राहते. वेअर ओएसवर या अवस्थेतील तबकडी साधारणपणे मिनिटातून एकदाच ताजी होते, म्हणून सेकंदकाटा दिसत नाही आणि एकाच जागी तेच ठिपके पेटत राहून स्क्रीनवर कायमचा डाग पडू नये, यासाठी चित्र अधूनमधून किंचित सरकवले जाते. आकडे कणभर हललेले दिसले, तर तो बिघाड नव्हे.

बॅटरीवर किती परिणाम होतो, हे उत्पादकांच्याच आकड्यांतून पाहू. गॅलॅक्सी वॉच ६ साठी सॅमसंगने ही सोय बंद असताना ४० तासांपर्यंत आणि चालू असताना ३० तासांपर्यंत असा अवधी दिला आहे, म्हणजे चौथा हिस्सा कमी. गार्मिनच्या एपिक्सच्या दुसऱ्या पिढीसाठी हेच आकडे १६ दिवस आणि ६ दिवस आहेत, म्हणजे निम्म्याहून कितीतरी अधिक घट. एकच सोय एका घड्याळाचा चौथा हिस्सा खाते आणि दुसऱ्याचा जवळजवळ दोन तृतीयांश, याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. गॅलॅक्सी वॉचमध्ये शक्तिशाली प्रोसेसर आणि भरगच्च कार्यप्रणाली मुळातच भरपूर वीज वापरत असतात, त्यामुळे मंद स्क्रीनचा खर्च त्यांच्या मानाने लहान ठरतो. एपिक्सचा मूळ खर्चच अतिशय कमी, म्हणून तेवढीच स्क्रीन तेथे मुख्य खर्च होऊन बसते. यावरून घ्यायचे ते असे: तुमचे घड्याळ मुळात दीड-दोन दिवस टिकणारे असेल आणि तुम्ही ते रोज चार्ज करतच असाल, तर ही सोय चालू ठेवून फारसे बिघडत नाही, पण ते दोन आठवडे टिकते म्हणूनच तुम्ही घेतले असेल, तर ती चालू केल्यावर घेण्याचे कारणच निघून जाते.

तंत्रज्ञानाने हा खर्च कमी कसा होतो, याचे उदाहरण २०१९ सालच्या ॲपल वॉच सिरीज ५ चे आहे. ॲपलने या घड्याळात पहिल्यांदा सतत दिसणारी स्क्रीन दिली आणि तरीही मागील पिढीइतकाच १८ तासांचा अवधी सांगितला. एलटीपीओ प्रकारच्या स्क्रीनमुळे चित्र ताजे करण्याचा वेग सेकंदाला ६० वरून १ पर्यंत उतरवता आला, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. म्हणून घड्याळ घेण्याआधी सतत दिसणारी स्क्रीन हवीच असे ठरले असेल, तर स्क्रीनच्या माहितीत एलटीपीओ हा शब्द शोधावा.

ही सोय चालू ठेवणार असाल, तर टाइमआउट सर्वांत कमी ठेवा. वेळ मंद उजेडातही दिसतेच, त्यामुळे पूर्ण उजेडाचे सेकंद वाढवण्यात काहीच हशील नाही.

सातवी पायरी: उजेड आणि तबकडी

ब्राइटनेस आपोआप ठरण्याच्या पर्यायावर ठेवावा. हाताने पूर्ण वाढवलेला ब्राइटनेस भर उन्हात सोयीचा असतो, पण घरात तो विनाकारण जळत राहतो. ज्या घड्याळात प्रकाशसंवेदक नाही, त्यात घरातील वापरासाठी मधला किंवा त्याहून खालचा टप्पा निवडावा. ओलेड स्क्रीनवर काळ्या पार्श्वभूमीची, कमी रंगांची तबकडी लावावी. हलती चित्रे असलेली आणि सतत नवी माहिती मागणारी तबकडी टाळावी. एवढे पुरे.

खास प्रसंग

लांब धावणे, गिर्यारोहण किंवा दिवसभराची सायकलफेरी असेल, तर स्क्रीनपेक्षा जीपीएस जास्त वीज खाते, हे लक्षात ठेवावे. तेथे व्यायामाच्या वेळी स्क्रीन सतत चालू ठेवण्याचा पर्याय बंद करून मनगट उचलल्यावर आकडे पाहावेत. प्रवासात चार्जर जवळ नसेल, तेव्हा एकेक सेटिंग बदलत बसण्यापेक्षा बचतीचा मोड सरळ लावावा. ॲपल वॉचमध्ये सिरीज ४ पासून पुढच्या घड्याळांना २०२२ सालच्या वॉचओएस ९ या ॲपलच्या घड्याळांच्या कार्यप्रणालीबरोबर लो पॉवर मोड मिळाला; त्यात सतत दिसणारी स्क्रीन आणि पार्श्वभूमीतील हृदयगतीचे मापन बंद होते. हृदयगतीच्या इशाऱ्यांवर ज्यांचे आरोग्य अवलंबून आहे, त्यांनी मात्र असा मोड लावण्यापूर्वी त्यात काय काय बंद होते, ते वाचून घ्यावे.

एवढे करूनही बॅटरी उतरत असेल तर

रात्रीचा वेग तपासा. स्क्रीन विझलेली असताना तासाला दोन-तीन टक्के जात असतील, तर दोष टाइमआउटचा नाही. रात्रभर रक्तातील ऑक्सिजनचे मापन चालू आहे का, मोबाइल नेटवर्क असलेले घड्याळ कमकुवत सिग्नलशी झुंजत आहे का, फोन दूर राहिल्याने ब्लूटूथ वारंवार तुटून जोडले जात आहे का, नुकतेच उतरवलेले एखादे ॲप किंवा बाहेरची तबकडी सतत जागी आहे का, हे एकेक करून पाहावे. घड्याळ बंद करून पुन्हा सुरू करण्याचा साधा उपायही अनेकदा लागू पडतो.

घड्याळ दोन-तीन वर्षांचे झाले असेल, तर बॅटरीचे वय हे कारण असू शकते. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापराबरोबर घटतच जाते. ॲपलच्या म्हणण्यानुसार त्यांच्या घड्याळाची बॅटरी १,००० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत क्षमता राखेल, अशा बेताने बनवलेली असते. रोज एक पूर्ण चार्ज खर्च झाला, तर हजाराचा आकडा पावणेतीन वर्षांत गाठला जातो; रोज ६० टक्केच खर्च झाले, तर त्याला साडेचार वर्षे लागतात, कारण अर्धवट चार्जिंगची बेरीज होऊनच एक पूर्ण चार्ज मोजला जातो. विनाकारण उजळणारी स्क्रीन आवरली, तर वर्षांचा हा लाभही पदरात पडतो. चार्ज करताना घड्याळ उन्हात किंवा गरम जागी ठेवू नये, कारण उष्णतेने बॅटरी वेगाने म्हातारी होते.

कार्यप्रणालीचे मोठे अपडेट बसल्यानंतर डिस्प्लेच्या विभागात एकदा डोकावून यावे. अपडेटनंतर काही नवे पर्याय आपोआप चालू झालेले असू शकतात. दुसऱ्या पायरीत कागदावर लिहिलेला आकडा आणि आपण निवडलेली मुदत यांची चिठ्ठी जपून ठेवली असेल, तर सेटिंग्ज पूर्ववत करायला दोन मिनिटेही लागत नाहीत.